शेतातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटर जळली की कोल्हापुरात अडत नाही. उद्यमनगरात आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी वायंडिंगवाले आहेत. खरी अडचण येते ती झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं), मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा), ठिबकचा टायमर, दुधाचं फॅट मशीन किंवा पॉलिहाऊसमधला पीएच मीटर बंद पडल्यावर. टीव्ही दुरुस्त करणारा म्हणतो हे शेतीचं, वायरमन म्हणतो हे इलेक्ट्रॉनिकचं, आणि चांगली वस्तू भंगारात जाते. खालची उत्तरं ज्यांना मीटर धरता येतो आणि सोल्डरिंगचा सराव आहे त्यांच्यासाठी आहेत. पहिली दोन मात्र प्रत्येक शेतकऱ्याने वाचावीत.

यंत्र बंद पडलं. बोर्ड उघडण्याआधी काय बघायचं?

पुरवठा, जोड आणि ओल, याच क्रमाने. बोर्ड गेला म्हणून दुकानात येणाऱ्या बऱ्याच वस्तूंचा बोर्ड ठणठणीत असतो. तीन फेजच्या पॅनेलवर आर-वाय, वाय-बी आणि आर-बी असे तिन्ही व्होल्टेज मोजा. ४१५ च्या आसपास हवेत आणि एकमेकांत दहा-पंधरा व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. हे मोजमाप मोटर बंद असताना करा. मोटर फिरत असेल तर गेलेल्या फेजवरही वायंडिंगमधून उलटा व्होल्टेज येतो, मीटरवर आकडा जवळजवळ बरोबर दिसतो आणि माणूस फसतो.

मग जोड बघा. प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू पुरवठा बंद करून आवळा. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला थेट बसवली असेल तर तिथे पांढरी भुकटी धरते, जोड तापतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं. तिथे बायमेटलची (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेली) लग लावावी. शेवटी ओल. पॅनेलच्या तळाशी पाण्याची रेघ दिसते का, बोर्डच्या पायांवर हिरवट थर आहे का, ते टॉर्च तिरकी धरून बघा.

हे काम घरी करण्यात जिवाला धोका कुठे आहे?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही वरून दिसत नाहीत.

पहिलं, स्वस्त स्टार्टर पॅनेल आणि प्रिव्हेंटरचे (एखादी फेज गेली किंवा पाणी संपलं की मोटर बंद करणाऱ्या यंत्राचे) बोर्ड. यात ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरमधून थेट लाईनचा पुरवठा घेतलेला असतो. बोर्डवर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, पण जमिनीच्या तुलनेत अख्खा बोर्ड २३० वर असतो. दुसरं, झटका मशीन आणि सोलर कंट्रोलरमधले कपॅसिटर. पुरवठा काढल्यावरही ते भरलेले राहतात. तिसरं, सोलर पॅनेल. ऊन आहे तोवर त्यांना बंद करणारं बटण नाही.

डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर चढू नका. ते काम महावितरणचं आहे, फ्यूज टाकण्यापुरतं असलं तरी.

कोणती हत्यारं लागतात?

कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, सिरीज लॅम्प, २५ ते ६० वॅटची तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायचा पंप, ६०/४० चं सोल्डर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश आणि १० किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. मल्टिमीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलेलं असावं. शंभर-दीडशे रुपयांचा पिवळा मीटर ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर लावू नये, तो हातात फुटतो. सिरीज लॅम्प म्हणजे फेजच्या वायरमध्ये सिरीजला लावलेला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा, एलईडी चालणार नाही. बोर्डात शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि फ्यूज उडण्याऐवजी दुरुस्ती शांतपणे करता येते.

मोबाईल स्टार्टर फोनच उचलत नाही. “संपर्क क्षेत्राबाहेर” सांगतो.

आधी सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. रिचार्ज संपला आहे का, सिमला पिन लॉक आहे का, कॉल येतो का, ते बघा. शेतातल्या सिमचा रिचार्ज विसरणं हे यातलं सगळ्यात मोठं कारण आहे.

सिम चांगलं असेल तर आतलं मॉड्यूल कोणतं ते बघा. जुन्या स्टार्टरमध्ये टूजी मॉड्यूल असतं. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे त्या सिमवर असं मॉड्यूल कधीच जागं होणार नाही. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घाला किंवा फोरजी मॉड्यूलचा स्टार्टर घ्या. तिसरी गोष्ट अँटेना. पत्र्याच्या पेटीत बंद केलेल्या अँटेनाला सिग्नल येत नाही. चुंबकाची अँटेना पेटीच्या बाहेर, शक्यतो वर बसवा. केबल मोटरच्या वायरींना गुंडाळू नका.

रिंग वाजते आणि त्याच क्षणी पॅनेल बंद होऊन पुन्हा चालू होतं. मॉड्यूल गेलं का?

बहुधा नाही. जीएसएम मॉड्यूल एरवी थोडाच करंट घेतं, पण टॉवरशी बोलताना क्षणभर जवळजवळ २ अँपिअर ओढतं. हा धक्का मॉड्यूलशेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पेलतो. उन्हात तापणाऱ्या पेटीत तो दोन-तीन वर्षांत सुकतो. मग ४ व्होल्टचा पुरवठा ३.४ च्या खाली घसरतो आणि मॉड्यूल रीसेट होतं. मीटरवर हे दिसत नाही, कारण घसरण फार थोड्या वेळाची असते.

तिथला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), १००० किंवा २२०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा बसवा. पाय तोकडे ठेवा. वीस-तीस रुपयांचा भाग आहे, आणि याच दोषापायी लोक नवा स्टार्टर घेतात.

प्रिव्हेंटरचा रिले टकटक करतो, दिवा मंद लुकलुकतो.

बोर्डवर चौकोनी, बहुधा पिवळा किंवा राखाडी डबा शोधा. त्यावर १०५ किंवा ४७४ असा आकडा आणि एक्स-टू (थेट लाईनवर लावायची जात) लिहिलेलं असतं. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, ४७४ म्हणजे ०.४७. बोर्डाला करंट पुरवणारा भाग तोच आहे. २३० व्होल्टवर १ मायक्रोफॅरडमधून साधारण ६५ ते ७० मिलिअँपिअर मिळतो. १२ व्होल्ट ४०० ओहमच्या रिलेला ३० लागतो, बाकी आयसी आणि दिव्यांना. व्होल्टेजच्या झटक्यांनी कपॅसिटरची आतली धातूची फिल्म थोडी थोडी जळत जाते. तो ०.६ वर आला की ४० मिलिअँपिअरच मिळतो, रिले ओढला की व्होल्टेज पडतो, रिले सुटतो, व्होल्टेज वाढतो, पुन्हा ओढतो. तीच टकटक.

पाय सोडवून मोजा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट दिसली तर बदला. नवा एक्स-टू जातीचाच हवा आणि व्होल्टेज जुन्याइतका किंवा जास्त. बोर्ड दोन फेजवर चालत असेल तर २७५ व्होल्टचा टिकणार नाही. साधा पॉलिस्टर कपॅसिटर लावू नका, तो शॉर्ट झाला की बोर्ड पेट घेतो. तपासताना लाईन न लावता झेनरच्या (व्होल्टेज बांधून ठेवणाऱ्या डायोडच्या) दोन टोकांना बाहेरून १२ व्होल्टची बॅटरी द्या. रिले आणि दिवे नीट चालले तर बाकीचा बोर्ड चांगला आहे.

मुंग्या आणि पाली खरंच यंत्र बंद पाडतात?

हो. पावसाच्या तोंडावर मुंग्या ऊबदार कोरड्या जागेत शिरतात. काँटॅक्टर (मोटरला पुरवठा जोडणारा मोठा स्विच) उघडला तर दोन कॉन्टॅक्टच्या मधोमध चिरडलेल्या मुंग्यांची काळी पापडी सापडते. तिच्यामुळे एक फेज लागत नाही आणि प्रिव्हेंटर बरोबर आपलं काम करून मोटर पाडतो. दोष मात्र प्रिव्हेंटरला मिळतो. पापडी लाकडी काडीने काढा, अल्कोहोलने पुसा. चांदीच्या कॉन्टॅक्टवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका, थर निघून गेला की तो लवकर चिकटतो. पाल दोन फेजमध्ये अडकली असेल तर जळालेली जागा खरवडून कोळसा पूर्ण काढा. कोळशातून पुन्हा करंट फिरतो.

केबल पेटीत खालून ग्लँडमधून आणा, उरलेली भोकं बंद करा. कीटकनाशकाची पावडर पेटीत टाकू नका, ती ओल धरते.

लाईट आली की ऑटो स्टार्टर उचलतो आणि लगेच पडतो. थोड्या वेळाने हाताने लावला तर चालतो.

डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उचलतात, व्होल्टेज बसतो आणि कमी व्होल्टेजचं संरक्षण सगळ्यांनाच पाडतं. बोर्ड निर्दोष आहे. ऑटोमध्ये उशिराचं सेटिंग असतं. एका डीपीवरच्या लोकांनी बसून ते वाटून घ्यावं : पहिला ३० सेकंद, दुसरा ६०, तिसरा ९०. लिफ्ट इरिगेशनच्या मोठ्या मोटरीला सगळ्यात शेवटची वेळ द्या. यात खर्च काही नाही, आणि वायंडिंगही वाचतं.

विहिरीला पाणी आहे, तरी ड्राय रन दाखवून मोटर बंद होते.

ड्राय रन प्रिव्हेंटर पाणी बघत नाही, करंट बघतो. मोटरची एक वायर ज्या गोल सीटीतून (करंट मोजणाऱ्या कड्यातून) जाते, ती त्यातून गेलेली आहे ना? स्टार्टर बदलताना ती बाहेर राहते. मग सीटीच्या दोन बारीक वायरी बोर्डावरून काढून ओहममध्ये मोजा. ओपन दाखवली तर सीटी किंवा वायर तुटली आहे. दोन्ही ठीक असेल तर सेटिंग चुकलं आहे. क्लॅम्प मीटरने भर पाण्यावरचा अँपिअर आणि व्हॉल्व्ह गच्च बंद करून काही सेकंदांचा अँपिअर घ्या, आणि सेटिंग दोहोंच्या मध्ये ठेवा.

न्यूट्रल तुटला आणि एकदम पाच यंत्रं गेली. वाचतात का?

बरीचशी वाचतात. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या वस्तूंना २३० ऐवजी ४१५ च्या जवळपास व्होल्टेज मिळतो. पुरवठ्याच्या तोंडाशी असलेला निळा चपटा एमओव्ही (जादा व्होल्टेज अडवणारा भाग), बहुधा १४डी४७१, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. तो त्याच कामासाठी आहे. फुटलेला एमओव्ही, फ्यूज आणि एनटीसी (चालू होतानाचा धक्का कमी करणारा रेझिस्टर) बदला, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि मोठा कपॅसिटर तपासा, सिरीज लॅम्पवर चालू करा. दिवा क्षणभर चमकून विझला तर पुढे जायला हरकत नाही.

एमओव्ही काढून टाकून यंत्र “चालू करून” देणारे आहेत. ते यंत्र पुढच्या वेळी वाचणार नाही. फ्यूजच्या जागी वायरची तार घातलेली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याने ती काढायलाच हवी, गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी.

झटका मशीन टिकटिक करतंय, पण गवा कुंपण मोडून ऊस खातो. दोष मशीनचा की तारेचा?

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. निर्णय दोन मिनिटांत होतो. मशीनवरून कुंपणाची वायर काढा आणि फेन्स टेस्टरने मशीनच्या टोकांवरचा व्होल्टेज घ्या. साधा मल्टिमीटर लावू नका, तो जळेल. मोकळ्या मशीनवर ७ ते १० हजार व्होल्ट आणि कुंपण लावल्यावर २ हजार, तर मशीन चांगलं आहे आणि तार गळतेय. मोकळ्यावरच आकडा पडला असेल तर मशीन. जनावर रोखायला कुंपणाच्या शेवटच्या टोकाला ४ ते ५ हजार व्होल्ट मिळायला हवेत.

गळती बहुतेक वेळा गवत, तडकलेला इन्सुलेटर किंवा लोखंडी खांबाला टेकलेली तार यातच असते. रात्री कुंपणाच्या कडेने चाललं तर निळी ठिणगी दिसते. दिवसा मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर स्टेशन नसलेल्या जागी लावून तारेच्या कडेने चाला. गळतीपाशी टकटक एकदम मोठी होते.

झटका मशीनचा अर्थिंग कसा तपासायचा?

हे नीट वाचा, कारण चांगल्या मशीनची निम्मी ताकद इथे वाया जाते. जनावराच्या अंगातून गेलेला करंट जमिनीतून मशीनकडे परत आला तरच झटका बसतो. त्यासाठी दीड ते दोन मीटरच्या किमान तीन जस्ती सळया, एकमेकींपासून ३ मीटरवर, एकाच वायरने जोडलेल्या हव्यात. घराच्या किंवा डीपीच्या अर्थिंगपासून १० मीटर तरी लांब.

तपासणी अशी : मशीन बंद करा. मशीनपासून १०० मीटरवर दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून कुंपणाला टेकवून ठेवा. मशीन चालू करा, कुंपणाचा व्होल्टेज २००० च्या खाली आला पाहिजे. आला नाही तर आणखी सळया टेकवा. आता टेस्टरचं एक टोक अर्थिंगच्या शेवटच्या सळईला आणि दुसरं तिच्यापासून मीटरभर लांब ठोकलेल्या खिळ्याला लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमी आहे, सळया वाढवा. जांभ्या दगडाच्या माळावर उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की सळया वाढवूनही भागत नाही. तिथे कुंपणात एक तार झटक्याची आणि एक अर्थची अशा आलटून पालटून ओढा.

मशीनच गेलं आहे. आत काय असतं आणि काय जातं?

बॅटरीचे १२ व्होल्ट एका छोट्या इन्व्हर्टरने ४०० ते ६०० व्होल्ट केले जातात आणि एका कपॅसिटरमध्ये भरले जातात. सेकंद-सव्वा सेकंदाने एक एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) तो कपॅसिटर पल्स ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतो, तोच झटका. २० मायक्रोफॅरड ६०० व्होल्टला भरला की ३.६ ज्यूल होतात. एवढी ऊर्जा बोटातून गेली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून बॅटरी काढा, आधी सांगितलेला १० किलोओहमचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी कपॅसिटरला लावून पाच सेकंद धरा, मग मीटरने शून्य बघा आणि मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, कपॅसिटरचा जोड तुटतो.

टिकटिक अजिबात नसेल तर बॅटरीपासून सुरुवात करा. भरलेली १२.६ व्होल्ट दाखवते. मशीन लावल्यावर ११ च्या खाली गेली तर बॅटरी संपली. तिथे ठीक असेल तर फ्यूज, उलटं जोडल्यास जळणारा डायोड आणि इन्व्हर्टरचा मॉस्फेट. इन्व्हर्टरचा बारीक सूर ऐकू येतो पण झटका नाही, तर एससीआर शॉर्ट आहे. वीज जवळपास पडल्यावर हमखास हाच जातो. कपॅसिटर ६०० व्होल्टला भरत असेल तर नवा किमान १००० व्होल्टचा घाला. टिकटिक आहे पण आवाज मऊ आणि व्होल्टेज अर्धा, तर कपॅसिटरची भरण कमी झाली आहे. नवा पॉलिप्रोपिलीनचा, पल्ससाठी बनवलेला आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. पंख्याचा कपॅसिटर लावतात, पण झटक्याच्या करंटने त्याचा आतला जोड लवकर सुटतो. जास्त मायक्रोफॅरड घालून “झटका वाढवू” नका. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात एका झटक्याला ५ ज्यूलची मर्यादा आहे आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंद अंतर लागतं. याच अंतरात माणूस तार सोडू शकतो.

पेटीतून “चर्र” असा आवाज आणि निळा उजेड दिसला तर पल्स ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं आहे. तो गुंडाळून घेण्यात अर्थ नाही, तयार मिळाला तर बदला.

मशीन बंद आहे तोवर तार थेट लाईनला जोडली तर?

कदापि नाही. मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही टिकत नाही, लाईनचा करंट मात्र सुटूच देत नाही. अशा तारेने शेजारचा शेतकरी, रात्री पाणी पाजायला गेलेला गडी, शाळेतलं पोर मरतं. ज्याने जोडली त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. गवा आणि टस्कर हत्ती दोघेही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मशीन दुरुस्तीला असेल तेवढे दिवस राखण ठेवा.

सोलर पंपाचा कंट्रोलर बंद आहे. उघडू का?

योजनेतून मिळालेल्या पंपाला पाच वर्षांची देखभाल हमी असते. त्या मुदतीत सील तोडू नका, लेखी तक्रार करा. तोवर बाहेरून एवढं बघता येतं : पॅनेलच्या काचेवरची धूळ, एखाद्या पॅनेलवर वाढलेल्या झाडाची सावली, आणि एमसी-फोर जोड (पॅनेलच्या केबलचे प्लग). जोड काळा पडला असेल किंवा बोटाने दाबून मऊ लागला तर तो आतून जळाला आहे. चालू कंट्रोलरवर हा जोड कधीही ओढू नका, डीसीचा आर्क विझत नाही. आधी आयसोलेटर पाडा.

मुदत संपलेल्यांसाठी : ७२ सेलच्या एका पॅनेलचा मोकळा व्होल्टेज साधारण ४५, दहा सिरीजमध्ये म्हणजे ४५०. आयसोलेटर पाडून कंट्रोलरची पॅनेलकडची दोन्ही टोकं सोडवा, दहा मिनिटं थांबा, बसचे (कंट्रोलरच्या आतल्या डीसी पुरवठ्याचे) कपॅसिटर रिकामे झाल्याचं मोजा. मग मोटरच्या वायरी काढून यू, व्ही, डब्ल्यू या टोकांपासून बसच्या प्लस-मायनसकडे डायोड रेंजवर तपासा. प्रत्येक वेळी एका दिशेने ०.३५ ते ०.५ आणि उलट दिशेने ओपन यावं. एका टोकावर शून्य आलं तर आयजीबीटी (मोटरला वीज सोडणारा ट्रान्झिस्टर) गेला. तो बदलताना गेट ड्रायव्हर आणि गेटचे रेझिस्टर तपासल्याशिवाय नवा लावू नका, पहिल्याच सेकंदाला तोही जातो. पंखा आणि थर्मल पेस्ट बदला, कारण तो गेला तो बहुधा उष्णतेनेच.

ठिबकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सारखा जळतो.

तो एसीचा आहे की डीसीचा, ते त्याच्यावर वाचा. २४ व्होल्ट एसीच्या कॉइलचा रेझिस्टन्स ३० ओहम धरला, तर तिला २४ व्होल्ट डीसी दिल्यावर ०.८ अँपिअर करंट जातो आणि जवळजवळ १९ वॅट उष्णता तयार होते. अर्ध्या तासात ती वितळते. एसीवर हाच करंट लोखंडी गाभ्यामुळे बराच कमी राहतो. बॅटरीच्या टायमरला लॅचिंग कॉइलच लागते, तिला उघडायला आणि मिटायला फक्त क्षणभराचा उलटसुलट पल्स मिळतो. लाल-काळी उलट जोडली तर व्हॉल्व्ह सांगाल त्याच्या उलट वागतो.

शिरोळकडच्या क्षारपड रानात जमिनीखालचा पीळ मारलेला जोड वर्षभरात हिरवा होऊन तुटतो. जेल भरलेले कनेक्टर वापरा आणि जोड जमिनीवर, डबीत ठेवा.

पॉलिहाऊसचा पीएच मीटर काहीही आकडे दाखवतो.

प्रोब काढा आणि मीटरच्या बीएनसी सॉकेटची मधली पिन आणि बाहेरची कडी पेपर क्लिपने जोडा. ७.०० च्या जवळ स्थिर आकडा आला तर मीटर चांगला, प्रोब संपला. आकडा पळत राहिला तर सॉकेटमध्ये ओल आहे. अल्कोहोलने धुवा आणि वाळवा, कारण इथे नुसत्या दमटपणानेही माप चुकतं. मिलिव्होल्ट दिसत असतील तर ७ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) शून्याच्या आसपास ३० पर्यंत आणि ४ च्या बफरमध्ये त्याहून साधारण १७७ ने जास्त यावं, म्हणजे एका पीएचला ५९. हा आकडा ५० च्या खाली गेला की प्रोब बदला. प्रोब ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून अनेक चांगले प्रोब मारले जातात.

दूध संस्थेचं फॅट मशीन एकाच दुधाचे वेगवेगळे फॅट दाखवतं.

यावर उत्पादकाचा दर ठरतो, म्हणून टाळाटाळ नको. एकच नमुना पाच वेळा लावा. ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर आधी स्वच्छता बघा : अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या नळीत दुधाचा दगडी थर बसतो. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या अल्कलीच्या, मग आम्लाच्या द्रावणाने आणि प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवा. पंपाची रबरी नळी चपटी झाली असेल तर नमुना कमी ओढला जातो, ती बदला. फेस असलेलं किंवा आंबू लागलेलं दूध लावू नका, बुडबुडे ध्वनिलहरी अडवतात. म्हैस आणि गाय यांचे चॅनेल अदलाबदल झालेत का, तेही बघा. शेवटी गर्बर पद्धतीने पडताळा : १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. आकडा सतत एकाच बाजूला चुकत असेल तर कॅलिब्रेशन, पुढे-मागे उडत असेल तर घाण, हवा किंवा अर्थिंग.

वजनकाट्याचं सील तोडून दुरुस्त करून द्याल का?

नाही. व्यापारात वापरला जाणारा काटा वैधमापन परवानाधारकच दुरुस्त करतो आणि दुरुस्तीनंतर फेरपडताळणी होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी एरवीही दर वर्षी करायची असते. सील न तोडता बघण्यासारखं : ॲडॅप्टर, बॅटरी, प्लॅटफॉर्मखाली अडकलेला खडा किंवा गुळाचा चिकट थर, उंदराने कुरतडलेली केबल. लोड सेलची केबल कापून आखूड करू नका, तिच्या लांबीसकट सेल जुळवलेला असतो.

महापुरात पॅनेल बुडालं. आता?

चालू करून बघू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्याने जेवढी यंत्रं गेली, त्यांत घाईने लाईट लावल्यामुळे जळालेलीही होती. बॅटरी काढा. गाळ ओला आहे तोवरच स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने धुवा. वाळलेला गाळ आयसीच्या पायांखालून निघत नाही. मग आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, शेवटी अल्कोहोल. ५० ते ६० अंशांच्या कोरड्या हवेत दोन दिवस ठेवा. ट्रान्सफॉर्मर आणि रिले यांच्यात पाणी सर्वांत उशिरापर्यंत राहतं. उघडे रिले, पोटेन्शिओमीटर आणि काँटॅक्टरची कॉइल बदलणंच स्वस्त. मोटर वेगळी वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) किमान १ मेगओहम आल्याशिवाय लावू नका.

नदीकाठच्या पॅनेलला चार बोल्ट आणि एक प्लग असा जोड करून ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की पॅनेल काढून घरी न्या. ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबलात तर जॅकवेलकडे (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीकडे) जायची वाट उरत नाही.

सर्किट डायग्राम मिळत नाही, आयसीवरचे नंबर घासलेले आहेत, किंवा बोर्ड राळेत बुडवलेला आहे.

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घासलेल्या नंबरचं फारसं वाईट वाटून घेऊ नका, बिघाड बहुतेक वेळा पुरवठ्याच्या भागात असतो आणि तिथले ७८०५, डायोड, कपॅसिटर ओळखू येतात. तशीच चांगली वस्तू शेजाऱ्याकडे असेल तर दोन्ही बोर्ड बंद ठेवून एकेका पायाचं डायोड रेंजवरचं माप लिहून काढा. फरक आला तिथे शोधा. रबरासारखी मऊ राळ गरम हवेने सैल करून सोलता येते. काचेसारखी कडक इपॉक्सी फोडताना भाग मोडतात, तिथे दुरुस्ती सोडून द्या. प्रोसेसर स्वतः गेला असेल तरही तेच : आतला प्रोग्रॅम बाजारात मिळत नाही.

भाग कुठे मिळतात?

रिले, एमओव्ही, कपॅसिटर, रेग्युलेटर कोल्हापुरात मिळतात. एससीआर, आयजीबीटी, जीएसएम मॉड्यूल यांसाठी पुण्यातली बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मॉस्फेट आणि मोठे कपॅसिटर नकली फार येतात. कपॅसिटर दुकानातच मीटरवर मोजून घ्या.

दुरुस्तीला यंत्र आणताना काय सोबत आणायचं?

ॲडॅप्टर किंवा बॅटरी, सेन्सर, केबलसकट सगळं. चिकटपट्टीवर चार ओळी लिहून पेटीवर लावा : कधी बंद पडलं, त्या वेळी पाऊस किंवा वीज होती का, कोणता दिवा लागतो, आधी कोणी उघडलं होतं का. वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर रानात परत लावताना दोन फेजची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरते. आतल्या जळक्या भागाचे तुकडे पेटीत पडले असतील तर झटकून टाकू नका, त्यावरच नंबर सापडतो.